विजेने रंग बदलणारा लेसर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचे आमचे भाषण ही एका चुकीची भरपाई आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. दोन वर्षांमागे गणेशोत्सवात आम्ही विज्ञानातील नवलाईवर दहा मिनिटे बोललो होतो. त्यात एक वाक्य असे होते : ‘प्लॅस्टिक आणि द्रवस्फटिक यांचा बनविलेला लेसर आता घड्याळाच्या सेलवर चालू लागला असून कळ फिरविताच तो रंग बदलतो.’ टाळ्या पडल्या. आमच्या उत्साही कार्यवाहांनी ते वाक्य वार्षिक अहवालात छापूनही टाकले. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी एका सभासदांची कन्या आमच्याजवळ आली. ती याच बंगळूर शहरात संशोधन करते. ती म्हणाली, “काका, रंग बदलतो हे खरं, आणि विजेनं बदलतो हेही खरं. पण मुळात तो पेटतो कशानं, ते राहिलं सांगायचं.”

“विजेनंच की!” आम्ही म्हणालो.

ती हसली. थोरामोठ्यांचा मान राखून जेवढे हसता येते तेवढेच हसली. पुढे म्हणाली, “काका, तुम्ही दोन निरनिराळ्या बातम्या एकत्र केल्यात.”

आम्ही कला शाखेचे पदवीधर. तेव्हा विज्ञानातील चूक कोणी क्षमाही केली असती. परंतु आमचे सारे आयुष्य सरकारी टिपणे लिहिण्यात व तपासण्यात गेले आहे. एखाद्या योजनेस तत्त्वतः मान्यता मिळणे वेगळे आणि तिच्या खर्चास मंजुरी मिळणे वेगळे. ज्याने हा भेद टिपणात पुसला त्याची फाइल आम्ही लाल शेरा मारून परत पाठविली असती. तोच भेद येथे आम्ही पुसला होता. लेसरचा रंग विजेने बदलणे ही एक गोष्ट, आणि लेसर विजेने पेटविणे ही दुसरी. पहिली साधली आहे, आणि फार सुंदर रीतीने साधली आहे. दुसरीची कथा लांबलचक असून तिच्यात एक लाजिरवाणे प्रकरणही आहे. गेली दोन वर्षे जमेल तसे वाचून, त्या मुलीस पुनःपुन्हा त्रास देऊन, जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम लेसर म्हणजे काय ते पाहू. दिव्याचा प्रकाश म्हणजे बाजारातील गर्दी. जो तो आपल्या वाटेने आणि आपल्या चालीने निघालेला. लेसरचा प्रकाश म्हणजे कवायतीची पलटण. सर्वांची दिशा एक, पाऊल एक, आणि रंगही जवळजवळ एकच. उत्तेजित अणूजवळून योग्य रंगाचा प्रकाशकण गेला, तर तो अणू तसाच दुसरा कण बाहेर टाकतो, हे आइन्स्टाइन यांनी १९१७ सालीच दाखवून दिले होते. प्रत्यक्ष लेसर मात्र १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत माणकाच्या कांडीतून साधला. त्यास तीन गोष्टी लागतात. उत्तेजित होऊ शकेल असा पदार्थ. त्यास उत्तेजित करणारी बाहेरची ऊर्जा. आणि प्रकाशास त्या पदार्थातून पुनःपुन्हा फिरवून आणणारे आरसे. या तीन गोष्टी श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्यात, कारण आमची चूक दुसऱ्या गोष्टीत होती आणि आजच्या कथेतील सौंदर्य तिसऱ्या गोष्टीत आहे.

पुढील चार वर्षांत लेसरचे नाना प्रकार निघाले. कर्बद्विप्राणिल वायूचा बलाढ्य लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी बनविला. हे गृहस्थ बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. मंडळाच्या व्यासपीठावरून एवढे सांगण्याचा मोह आवरत नाही. असो. या सर्व लेसरांची एक अडचण होती. ज्याचा जो रंग तोच; माणकाचा तांबडा तो तांबडाच. संशोधकास हवा तो रंग हवा असतो, कारण निरनिराळे रेणू निरनिराळ्या रंगांना ओ देतात. ती सोय १९६६ साली झाली. सोरोकिन व लँकार्ड यांनी अमेरिकेत, आणि शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सेंद्रिय रंजकद्रव्यांच्या द्रावणातून लेसर काढला. रंजकाचा रेणू एका रंगाशी बांधलेला नसतो. त्याच्या प्रकाशाचा पट्टा रुंद असतो, आणि त्या पट्ट्यातील हवा तो रंग निवडून घेता येतो. मात्र यंत्र मोठे. रंजकाचे द्रावण पंपाने अखंड खेळते ठेवावे लागे. ते द्रावण बहुधा ज्वालाग्राही, आणि सांडले तर हात आठवडाभर रंगीत.

या द्रावणाऐवजी एखादा मऊ, घट्टसर पदार्थ का वापरू नये, या विचारातून एक गमतीदार प्रयोग झाला. आर्थर शॉलो आणि थिओडोर हेन्श या स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी बाजारातील निरनिराळ्या स्वादांच्या जेली आणून त्यांवर प्रकाश सोडून पाहिला. एकीनेही दाद दिली नाही. शेवटी साधे जिलेटिन घेऊन त्यात फ्लुओरेसीन हे रंजक मिसळले, तेव्हा लेसर पेटला. १९७१ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि ‘खाता येईल असा लेसर’ म्हणून त्याचा बोलबाला झाला. पुढे या दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले, अर्थात जेलीसाठी नव्हे. त्याच साली बेल प्रयोगशाळेत कोगेलनिक व शँक यांनी याच जातीच्या जिलेटिनच्या पातळ थरात अतिशय सूक्ष्म, समान अंतरावरच्या रेघा उमटविल्या. प्रत्येक रेघ प्रकाशाचा अगदी किंचित अंश मागे परतविते. परंतु अशा हजारो रेघांचे परतणे एका तालात आले की स्वतंत्र आरशांची गरजच उरत नाही. आरसा असा पदार्थाच्या अंगातच विरघळून जातो. कोणता रंग परतेल हे रेघांतील अंतर आणि पदार्थाचा प्रणमनांक, म्हणजे प्रकाशाची चाल मंदावण्याचे त्याचे प्रमाण, या दोहोंवर ठरते.

आता कल्पना करा की अशा रेघा मनुष्याने पाडण्याची गरज नाही. एखादा पदार्थच त्या आपणहून पाडतो, आणि त्यांतील अंतर आपल्याला कमीजास्त करता येते. असा पदार्थ निसर्गाने सिद्ध करून ठेवला होता. त्याचा शोध लेसरच्या ७२ वर्षे आधीच लागलेला होता.

प्राग येथे फ्रिड्रिख रायनित्झर नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातील कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. १८८८ साली त्यांस असे आढळले की, कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ दोनदा वितळतो. १४५·५ अंश सेल्सिअसला तो वितळून गढूळ द्रव होतो, आणि १७८·५ अंशांस तो गढूळपणा अकस्मात जाऊन स्वच्छ पाण्यासारखा होतो. थंड होताना त्यात जांभळ्या-निळ्या छटा चमकून जातात. शंकानिरसनासाठी त्यांनी ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञांस पत्र लिहून नमुने पाठविले. लेमान यांच्यापाशी तापविता येणारे सूक्ष्मदर्शक होते. त्यांनी निर्णय दिला की हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, परंतु प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. अनेक विद्वानांनी तो मानला नाही. हे दोन द्रवांचे कालवण आहे असे टामान यांच्यासारखे मातब्बर रसायनशास्त्रज्ञ कित्येक वर्षे म्हणत राहिले. अखेर १९२२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रीडेल यांनी या द्रवस्फटिकांचे वर्गीकरण केले आणि वाद मिटला.

रायनित्झर यांच्या पदार्थाचा वर्ग कोलेस्टेरिक. त्याची रचना समजावून घेण्यास आपली मराठी भाषा फार उपयोगी पडते, कारण आपल्यापाशी ‘पीळ’ हा शब्द आहे. या पदार्थाचे रेणू काड्यांसारखे लांबोडके. एका पातळीत सर्व काड्या साधारण एका दिशेने निजलेल्या. वरच्या पातळीत ती दिशा किंचित वळलेली, तिच्या वरच्या पातळीत आणखी किंचित. असे वळत वळत काही अंतरावर एक पूर्ण फेरा होतो. वाड्यातील गोल जिन्याच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणा. या पूर्ण फेऱ्याच्या अंतरास आपण पिळाची लांबी म्हणू. सामान्य प्रकाशाला अनुकूल अशा द्रवस्फटिकात ही लांबी साधारण ३५० नॅनोमीटर भरते. म्हणजे एका मिलिमीटरात जवळजवळ तीन हजार फेरे! पिळाच्या लांबीस प्रणमनांकाने गुणले की परतणारा रंग मिळतो. ३५० ला १·६ ने गुणा; ५६० येतात, हा हिरवा रंग. आणखी एक चमत्कार असा की, उजवा पीळ उजवीकडे वळत जाणाराच प्रकाश परतवितो. डावा प्रकाश त्यातून बिनदिक्कत पार होतो.

ही पट्टी पहा. ताप मोजण्यासाठी कपाळावर लावतात ती. ही आम्ही पहिल्या रांगेत देतो. हाताळून पुढे पाठवावी. अंगठा दाबला की आकडे उजळतात. आत हाच पदार्थ आहे. उष्णतेने पीळ आवळतो वा सैल होतो आणि त्याबरोबर रंग पालटतो.

आपले मंडळ ज्या शहरात पन्नास वर्षे नांदले, त्या शहराचा या विषयाशी संबंध आहे, हे आम्हांसही पूर्वी ठाऊक नव्हते. १९७१ साली येथील रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारली. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे ते भाचे. १९७३ च्या डिसेंबरात द्रवस्फटिकांची आंतरराष्ट्रीय परिषद बंगळुरात भरली. द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखेच असावे लागतात असा तोवर समज होता. चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश या त्रयीने १९७७ साली तबकडीच्या आकाराच्या रेणूंचा द्रवस्फटिक दाखविला, आणि तो शोधनिबंध परदेशी न धाडता ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात छापला. जगभरच्या विद्वानांना तो तेथे येऊन वाचावा लागला. पुढे जालहळ्ळी येथे द्रवस्फटिकांसाठी स्वतंत्र केंद्रच निघाले. आमच्यापैकी कित्येक जण त्या बाजूने बसने वर्षानुवर्षे गेले असतील.

आता लेसरकडे वळू. काचेच्या दोन चकत्यांमध्ये वीस-तीस मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही बारीक, कोलेस्टेरिक द्रवस्फटिकाचा थर घ्यावा आणि त्यात किंचित रंजक विरघळवावे. पदार्थ झाला, आरसाही झाला. कारण पीळ हाच आरसा. पिळाला जो रंग मुळीच मान्य नाही तो आत शिरूच शकत नाही. परंतु त्या निषिद्ध पट्ट्याच्या अगदी कडेचा जो रंग, त्याची अवस्था देवळाच्या दाराशी गर्दीत सापडलेल्या माणसासारखी होते. ना आत, ना बाहेर, तेथेच घुटमळत राहतो. घुटमळणारा प्रकाश रंजकाच्या उत्तेजित रेणूंना पुनःपुन्हा भेटतो, आपल्यासारखे कण त्यांच्याकडून काढून घेतो आणि बळावत जातो. बाहेरून पुरविलेली ऊर्जा एका मर्यादेपलीकडे गेली की रंगाचा रुंद पसारा एकाएकी आकसून एक तीक्ष्ण रेघ उरते. लेसर पेटला.

अशा लेसराचे एकस्व गोल्डबर्ग आणि श्नूर यांस १९७३ साली मिळाले होते. १९८० साली कीव्ह येथे इल्चिशिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा प्रत्यय आणून दिला, आणि उष्णतेने त्याचा रंगही सरकविला. पश्चिमेकडे त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. १९९८ साली अमेरिकेत कॉप, जेनॅक इत्यादींनी निषिद्ध पट्ट्याच्या कडेचे मर्म उलगडून दाखविल्यावर मग सगळीकडे लगबग सुरू झाली. २००१ साली तर जर्मनी व अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी असा पीळ रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या बहुवारिकात बसविला. बहुवारिक म्हणजे एकाच जातीच्या लहान रेणूंची लांबच लांब साखळी. आपण ढोबळपणे प्लॅस्टिक म्हणतो ते. तो तुकडा ताणला की पातळ होतो, पीळ आखूड होतो, आणि लेसरचा रंग निळ्याकडे सरकतो. ओढणीसारखा ताणून रंग बदलणारा लेसर!

परंतु उष्णता आळशी असते आणि ताणण्यास हात लागतो. तंबोऱ्याची खुंटी पिळून सूर साधारण लागतो, नेमका लावण्यासाठी तारेवरचा मणी सरकवावा लागतो. तसा मणी हवा होता. तो विजेचा. घड्याळातल्या व संगणकाच्या पडद्यातल्या द्रवस्फटिकास वीज क्षणात वळविते हे १९७० नंतर सर्वांस ठाऊक झालेच होते. मग कोलेस्टेरिकास वीज लावली की काम झाले, असे वाटते. आम्हांसही वाटले होते. येथे मात्र घोडे अडले.

विजेचा दाब जिन्याच्या उभ्या आसाच्या दिशेने लावला, तर सामान्य रेणू आसाच्या दिशेनेच उभे राहू पाहतात. पायऱ्याच उभ्या राहिल्या तर जिना कसला! पीळ मोडून पदार्थ दुधाळ होतो, आणि पूर्ववत होण्यास वेळ घेतो. आडवा दाब लावला तर पीळ उलगडत जाऊन लांबतो खरा, पण सारखा लांबत नाही. काही भाग सरळ, काही भाग एकदम वळलेला, असा वेडावाकडा होतो. शिवाय दोन्ही काचांनी टोकाचे रेणू घट्ट धरून ठेवलेले असतात. दोन्ही टोके बांधलेल्या दोरीतून पाव फेरा कसा काढणार? निघाला तर अर्धा फेरा एकदम निघतो, आणि रंग सरकण्याऐवजी पायरीपायरीने उड्या मारतो. त्या मुलीने आम्हांस तिच्या वहीत हे काढून दाखविले, तेव्हा कुठे ‘कळ फिरविताच रंग बदलतो’ या आमच्या वाक्याचा सोपेपणा आम्हांस खुपू लागला.

या अडचणीतून निघालेल्या वाटांपैकी तीन सांगतो.

पहिली वाट बहुवारिकाची. बहुवारिक होऊ शकणारे द्रव्य, द्रवस्फटिक व रंजक यांचे मिश्रण काचांमध्ये भरावे, आणि त्यावर लेसरचे दोन झोत असे सोडावेत की एकमेकांवर पडून प्रकाश व काळोख यांच्या बारीक रेघा उमटतील. जेथे प्रकाश, तेथे बहुवारिक घट्ट होते आणि द्रवस्फटिकास काळोखाच्या रेघांत ढकलते. क्षणार्धात एकाआड एक थर तयार होतात. कोगेलनिक व शँक यांच्या रेघाच, पण द्रवस्फटिकाच्या थेंबांच्या. वीज लावली की थेंबांतील रेणू वळून त्यांचा प्रणमनांक बहुवारिकाच्या प्रणमनांकाएवढा होतो. दोहोंत भेदच उरला नाही तर रेघा दिसणार कोणास? आरसा नाहीसा, लेसर मालवला. अमेरिकन वायुदलाच्या ओहायोतील प्रयोगशाळेत बनिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास अशा विजेने चालूबंद होणाऱ्या रचना दाखविल्या. हिच्यात रंग थोडाच सरकतो. हिचा खरा गुण दिव्याच्या बटणाचा आहे.

दुसरी वाट आम्हांस विशेष आवडते. पिळाभोवती बहुवारिकाचे जाळे विणावे, आणि ते घट्ट झाल्यावर आतला द्रवस्फटिक चक्क धुऊन काढावा. जाळ्यातील अतिसूक्ष्म पोकळ्यांत पिळाची आठवण तशीच राहते. त्यांत दुसरा द्रव भरला की तोही त्याच पिळाने वागू लागतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण आजवर हट्टी माणसांस लावीत आलो. ती एवढी शास्त्रशुद्ध असेल अशी कल्पना नव्हती. जपानात ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली अशा पोकळ्यांच्या जाळ्यातील द्रवस्फटिकास वीज लावून लेसरचा रंग सरकविला. पीळ जाळ्याने धरून ठेवल्यामुळे मोडत नाही. पोकळीतील रेणू तेवढे वळतात, सरासरी प्रणमनांक बदलतो आणि रंग उड्या न मारता सलग सरकतो. मात्र पिळाची लांबी तीच राहिल्यामुळे रंगाचा पल्ला बेताचाच.

तिसऱ्या वाटेची कथा १९६८ सालची आहे. रॉबर्ट मेयर, आणि स्वतंत्रपणे पिएर-जिल द जेन, यांनी त्या वर्षी कागदावर गणित मांडून ठेवले. मेयर यांच्या गणितात असे निघाले की, एखाद्या द्रवस्फटिकास पिळणे जड आणि वाकणे सोपे असेल, तर विजेच्या दाबाखाली त्याचा पीळ मोडणार नाही; रेणू आसाशी तिरपे होऊन शंकूच्या आकारात फिरत वर जातील. दाब वाढवावा तसा शंकू निमुळता आणि पीळ आखूड होत जाईल, पण गोल जिना जिनाच राहील. गणित निर्दोष होते. तसा पदार्थ मात्र जगात नव्हता. काडीसारखे रेणू वाकण्यास नेहमीच नाखूष असतात. ४६ वर्षे गेली. मग दोन ताठ काड्या मध्ये लवचीक दुव्याने जोडलेले, कोपरात दुमडलेल्या हातासारखे रेणू रसायनशास्त्रज्ञांनी बनविले, आणि २०१४ साली ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात लावरेन्तोविच यांच्या गटाने मेयर यांची ती अवस्था प्रत्यक्ष पाहिली. २०१६ साली त्याच विद्यापीठात तिच्यात रंजक मिसळून लेसर पेटविला गेला. मायक्रॉनमागे काही व्होल्टांच्या दाबाने त्याचा रंग शंभर नॅनोमीटरहून अधिक सरकला, आणि तोही सलग. माणसाच्या डोळ्यास दिसणारा सारा वर्णपट जेमतेम तीनशे नॅनोमीटरांचा. यावरून या पल्ल्याची कल्पना यावी. मणी सापडला होता.

येथे आमच्या चुकीचा पहिला अर्धा भाग संपला. तेवढा बरोबर होता.

आता दुसरा अर्धा. या सर्व लेसरांना पेटविते कोण? उत्तर ऐकून आपण हसाल. दुसरा लेसर! टेबलावर एक भक्कम, बहुधा हिरव्या झोताचा लेसर असतो. तो अब्जांश सेकंदांचे ठोके रंजकावर मारतो, तेव्हा आपला हा केसाएवढा लेसर उजळतो. ठोके फार जलद मारले तर रंजक तापते, रेणू भलत्या अवस्थेत अडकून पडतात, आणि काही काळाने रंजक चक्क विटते, उन्हातल्या पडद्यासारखे. घड्याळाच्या सेलचा येथे संबंध नाही.

मग थेट वीज का खेळवू नये? बहुवारिकातून वीज वाहते, आणि त्यातून प्रकाशही निघतो. पहिल्याबद्दल हीगर, मॅकडर्मिड व शिराकावा यांस २००० सालचे नोबेल मिळाले; दुसरे केंब्रिजमध्ये १९९० साली सिद्ध झाले, आणि आज अनेकांच्या खिशातील फोनचे पडदे सेंद्रिय दिव्यांनीच उजळतात. १९९६ साली तर अशा प्रकाशमान बहुवारिकातून लेसरही निघाला. पण तोही दुसऱ्या लेसरने पेटविलेला. दिवा आणि लेसर यांत फार मोठे अंतर आहे. लेसरसाठी त्या तलम थरातून दिव्याच्या कित्येक पटींनी अधिक वीज लोटावी लागते. ती लोटली की चारांपैकी तीन रेणू अशा अवस्थेत जातात की ते प्रकाश देत तर नाहीतच, उलट दुसऱ्यांचा गिळतात. वीज पोहोचविणारे धातूचे थरही प्रकाश खातात, आणि उष्णतेने सारेच होरपळते.

या अडचणीस एका माणसाने आडवाट काढली, ती खोटेपणाची. २००० साली बेल प्रयोगशाळेतील यान हेंड्रिक शॉन यांच्या नावाने ‘सायन्स’ नियतकालिकात निबंध आला : सेंद्रिय स्फटिकातून थेट विजेवर चालणारा लेसर सिद्ध झाला! जगभर धन्य धन्य झाले. पटेल आणि कोगेलनिक यांनी काम केले तीच ही प्रयोगशाळा. शंका कोण घेणार? पण त्यांच्या निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांत तीच तीच वळणे, तेच तेच बारीक कंप आढळू लागले. प्रयोगशाळेने नेमलेल्या समितीने सप्टेंबर २००२ मध्ये २४ आरोपांपैकी १६ बाबतींत शॉन यांस दोषी ठरविले, आणि लेसरचा तो निबंध त्याच वर्षी मागे घेण्यात आला. दोन वर्षे किती प्रयोगशाळांत किती तरुणांनी तो न झालेला प्रयोग पुन्हा करण्यात रात्री जाळल्या असतील! आपल्याच हातून काहीतरी चुकते आहे असे ते समजत असतील. आमचे ते गणेशोत्सवातील वाक्य आणि हे प्रकरण यांची तुलना होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. तरी हे वाचताना आम्हांस आमचा छापील अहवाल आठवला, एवढे खरे.

त्यानंतरचे लोक सावध झाले. जपानात क्यूशू विद्यापीठात अदाची यांच्या गटाने २०१९ साली सेंद्रिय पदार्थातून थेट विजेने लेसर निघाल्याची लक्षणे पाहिली, तेव्हा त्यांनी निबंधाच्या शीर्षकात ‘सूचक चिन्ह’ अशा अर्थाचा शब्द घातला. ‘सिद्धी’ म्हटले नाही. टिपण लिहिणाऱ्या माणसास या एका शब्दाचे मोल कळेल. २०२३ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात सॅम्युएल आणि टर्नबुल यांच्या गटाने दुसरी युक्ती योजिली. त्यांनी वीज लेसरच्या थरात घातलीच नाही. शेजारी अतिशय प्रखर सेंद्रिय दिवा बसविला. विजेने दिवा लागतो, आणि दिव्याच्या प्रकाशाने जवळचा बहुवारिकाचा लेसर पेटून हिरवा झोत देतो. दिवा आणि लेसर एकाच बारीक तुकड्यात असल्यामुळे बाहेरून पाहणारास तो विजेवर चालतो असेच म्हणावे लागते, आणि म्हणणे खोटेही नाही. विजेचे क्षणिक ठोके लागतात, अखंड झोत मिळत नाही.

आम्ही २०२३ मधील ही बातमी आणि २०१६ मधील केंटची बातमी एकाच आठवड्यात वाचल्या होत्या. एकीत रंग विजेने बदलत होता, पण लेसर दुसऱ्या लेसरने पेटत होता. दुसरीत लेसर विजेने पेटत होता, पण त्याचा रंग ठरलेला होता, आणि त्यात द्रवस्फटिक नव्हता. आम्ही दोहोंचे लग्न परस्पर लावून दिले. सेल मात्र आम्ही पदरचा घातला. हे लग्न प्रयोगशाळेत लागावे म्हणून ठिकठिकाणी खटपट चालू आहे. तसे झाले तर सुगंध, रोगद्रव्ये वा दूषित हवा रंगावरून ओळखणारे उपकरण खिशात मावेल, असे ती मुलगी म्हणते. “केव्हा?” असे आम्ही विचारले. तिने तारीख दिली नाही.

कार्यवाहांच्या अनुमतीने, सरकारी रिवाजाप्रमाणे, या स्मरणिकेत पुढील शुद्धिपत्र छापावे अशी विनंती आहे : ‘वार्षिक अहवालातील गणेशोत्सवाच्या वृत्तात “घड्याळाच्या सेलवर चालू लागला असून कळ फिरविताच तो रंग बदलतो” याऐवजी “दुसऱ्या लेसरने पेटविला जातो, विजेचा दाब बदलताच तो रंग बदलतो” असे वाचावे.’

आणि ती तापाची पट्टी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली असल्यास कृपया परत पाठवावी. ती आमच्या नातवाची आहे.